अप्पांना ऐकू येईपर्यंत

सिरसाळा, ता. परळी
मे १९९७

प्रिय प्रणिता,

पत्र मराठीत आहे आणि मीच लिहिलंय. इंग्लिशमध्ये दोनदा सुरू करून बघितलं, पण अप्पांचं बोलणं इंग्लिशमध्ये घातलं की ते अप्पा राहतच नाहीत, आपल्या कॉलेजचे प्रिन्सिपल वाटायला लागतात. तेव्हा वेलांट्या चुकल्या तर सोडून दे.

तू पुण्याहून परळीच्या गाडीनं पाठवलेला गिटारीचा कॉम्प्रेसर पोचला. कंडक्टरनं तो मांडीवर घेऊन आणला. तू त्याला नाजूक आहे म्हणून सांगितलं होतंस, त्याला वाटलं कुणाचं तरी औषध आहे. पेशंट कसा आहे म्हणून मला विचारत होता. डबा उघडला आणि खरं सांगतो, तोंड उतरलं माझं. मला तो सहा बटणांचा हवा होता, लाल दिवेवाला. मासिकात वाचलं होतं ना, अटॅक वेगळा, रिलीज वेगळा, सगळं आपल्या हातात. आणि तू पाठवलास दोन बटणांचा, एक सस्टेन, एक लेव्हल, बास. त्यावरून आधी फोनवर भांडलो होतोच आपण. बूथच्या आत मी ओरडतोय, बाहेर लाईनीतले लोक काचेला कान लावून उभे. शेवटी बूथवाल्या हरिबानंच दार उघडलं, म्हणाला, "दोन बटनांचंच घ्या मालक. आमच्या टेपला सहा हायत, पाच कवा फिरवलीच न्हाईत." ते तू पलीकडून ऐकलंस, हसलीस आणि फोन ठेवलास. झाला निर्णय.

पण एवढी घाई कशासाठी होती ते मला त्या बूथमध्ये नीट सांगता आलं नाही, ते आता सांगतो. बी.कॉम.चा शेवटचा पेपर देऊन गावी आलो तर बोटं गंजायला लागली. म्हणून बास गिटार घेऊन परळीच्या सिदूभाऊंच्या ऑर्केस्ट्रात शिरलो. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिदूभाऊंचा कॅसिओ, त्याच्यातलाच तो टिकटिक रिदम, एक ढोलकी, दोन गाणारे. आणि साउंड सुग्रीवचा. दोन भोंगे लिंबाच्या झाडाला बांधतो आणि त्याला साउंड म्हणतो. भोंग्यातून बास कसा येणार, तूच सांग. गावातल्या एका साखरपुड्यात मी अख्खा कार्यक्रम घाम गाळून वाजवलं, आणि उतरल्यावर आमच्या आडतीवरचा हमाल सटवा हळूच जवळ येऊन म्हणतो, "धाकले मालक, तुमची वायर निघाली व्हती का?" दुसऱ्या दिवशी हॉटेलात माझ्या गिटारीला नाव पडलं होतं, मुकी गिटार. कुणी म्हणे पोरगं नुसतं पोजला उभं राहतंय, कुणी म्हणे महारुद्रअप्पाला पुण्यात कुणीतरी नुसती फळी विकली.

आमचे अप्पा आडत्या माणूस. सकाळपासून त्यांच्यासमोर ज्वारी-तुरीचे ढीग पडतात आणि भाव ओरडूनच ठरतो. जो ओरडत नाही त्याचा माल पडून राहतो, हा त्यांचा वेद आहे. त्यांनी मला गादीजवळ बोलावलं आणि सगळ्या हमालांसमोर सांगितलं, "पुण्याला बँडात जायचं म्हंतूस. जा. पर बसवेशच्या लग्नात मी जितं बसंन तितं मला तुजं वाजिवणं ऐकू आलं पायजे. न्हाई आलं तर जूनपासनं ह्या गादीवर बसायचं, गुमान." बसवेश म्हणजे माझा चुलतभाऊ. आणि बँडमधली माझी जागा तू कुणाकुणाशी भांडून जूनपर्यंत अडवून ठेवलीयस, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळलंय. म्हणून कॉम्प्रेसर. कधी माझं बोट जोरात लागतं, कधी हलकं, आणि हलकं लागलेलं सगळं त्या भोंग्यांत मरतं. सगळे सूर एका उंचीवर आले तर निदान एखादा तरी अप्पांपर्यंत पोचेल.

अप्पांनी विचारलं हे काय आणलंस. मी समजावलं, की जो फार मोठ्यानं बोलतो त्याला हे जरा दाबतं आणि ज्याचा आवाज बारीक त्याला वर उचलतं. अप्पांनी तो डबा हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाले, "असला माणूस परळी तालुक्यात निवडून येत न्हाई."

लग्न दुपारचं होतं. अप्पा मुद्दाम मांडवाच्या पार टोकाला, आचाऱ्याच्या चुलवणाशेजारी खुर्ची टाकून बसले, तिथं जिलबीच्या कढईचाच आवाज एवढा की काय सांगू. मी उत्साहात सस्टेन पार शेवटपर्यंत फिरवलं. असं करू नये हे त्याच मासिकात लिहिलंय, पण ते पान मी तेवढ्यापुरतं विसरलो. पहिली दोन गाणी मस्त गेली असं मला वाटलं. गोची सुग्रीवची होती. त्याचा हात सभांमध्ये तयार झालेला. पुढारी आधी खालच्या आवाजात बंधू-भगिनींनो म्हणतो आणि मग एकदम फुटतो. भोंगा शिट्टी मारायच्या आत सुग्रीव बटण खाली ओढतो, आणि पुढारी पाणी प्यायला लागला की पुन्हा वर. त्याचा मान त्यावरच ठरतो. त्यामुळं मी जरा जोरात तार ओढली की याचा हात आपोआप खाली. तू पाठवलेला कॉम्प्रेसर पायाखाली आणि हा दुसरा लुंगी नेसून मशीनशेजारी बसलेला. सगळा आवाज भाकरीसारखा थापून सपाट.

मग अक्षतांची वेळ झाली. गाणी बंद. पुढचं गाणं लगेच सुरू करायचं म्हणून मी गिटार गळ्यातच ठेवली, तारांवर हात ठेवून गप उभा राहिलो. लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकांना उभे राहिले. त्यांचं वय झालंय, आवाज पाण्यासारखा पातळ, म्हणून सुग्रीवनं सवयीनं सगळंच वर केलं, त्यांचा माइकही आणि मीही. आणि अर्थिंगच्या सळईला सकाळपासून कुणी पाणी घातलं नव्हतं. तुला कळलंच असेल. आधी मांडवात शांतता झाली आणि मग त्या शांततेतून उगवल्यासारखा आवाज आला, हुंऽऽऽ. लांब, जाड, न थांबणारा. जेवढं मी गप, तेवढं तुझं ते यंत्र, सुकलेल्या अर्थिंगमुळं वायरीत शिरलेली करंटची गुणगुण शोधून शोधून वर उचलतंय. वाकून बंद करावं तर फेटा बांधलेला, गिटार गळ्यात, समोर अंतरपाट आणि सगळं गाव हातात अक्षता घेऊन माझ्याकडं बघतंय.

आणि स्वामींनी डोळे मिटले. एक क्षण ऐकलं. आणि बरोबर त्याच सुरात उचललं. सिदूभाऊ माझ्या कानाशी पुटपुटले, "पेटीतली पांढरी पाच लागली रे बाबाची." प्रणिता, आयुष्यात कधी सुरात न म्हणणारे स्वामी त्या दिवशी असे गायले की बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. माझी चुलती तर नंतर म्हणाली की मुहूर्तावर आभाळातून ओंकार झाला.

जेवणाच्या पंगतीत अप्पा मला हात धरून फिरवत होते. "ऐकला का आवाज? आमच्या मृत्युंजयचा. पार चुलवणापस्तर. खुर्चीच्या दांड्यातनं आला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जा पुण्याला." तिथंच आमच्या गावचे पुढारी गहिनीनाथराव उठले आणि म्हणाले, पुढच्या गुरुवारी त्यांच्या मुलीच्या लग्नात अक्षतांना तोच आवाज पाहिजे. सुग्रीवला तर त्यांनी दम भरलाय की अर्थिंगला पाणी घातलंस तर बघ. वाजवत होतो तेव्हा मी मुका होतो. एकही तार हलवली नाही तर तालुक्यात नाव झालं.

बॅग भरली. आईनं शेंगदाण्याची चटणीही बांधून दिली. तुला फोन करून कळवायला हरिबाकडं गेलोसुद्धा, नंबर फिरवला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. कारण तू पहिलं विचारलं असतंस, कोणतं गाणं ऐकू आलं त्यांना? आणि मग मी काय सांगणार होतो. तुझ्याशेजारी उभा राहून रोज वाजवायचं, आणि तिथं आलोय तो न वाजवलेल्या आवाजावर, हे काही जमेना मला. परत आलो आणि अप्पांना सांगून टाकलं. म्हटलं, अप्पा, तो आवाज माझा नव्हता, तो करंट होता. मी तेव्हा गप उभा होतो.

अप्पांनी तूर चाळावी तसं माझ्याकडं बघितलं. "मंजे तू वाजिवलं की ऐकू येत न्हाई." हो. "आन न्हाई वाजिवलं की येतंय." हो. "मग पुन्याला जाऊन काय करनार? गप उभा ऱ्हानार?" आत आईला हसू आवरेना, ताटं पाडली तिनं. अप्पांनी ऑर्डर दिली, परीक्षा पुन्हा, गहिनीनाथरावांच्या मांडवात, आणि ह्या वेळी वाजवताना. चिडले नव्हते. शेवटी एवढंच म्हणाले की न सांगता गेला असतास तरी मला काय कळणार होतं, आणि चष्मा पुसत बसले.

आता खरं काय ते लिहितो. दोन बटणांचाच कॉम्प्रेसर बरोबर होता. मी आता सस्टेन अर्ध्याच्याही खाली ठेवलंय, दिवसभर आडतीच्या माडीवर बसून वाजवलं आणि प्रत्येक सूर सारखा, गोल, छान निघतोय. सहा बटणं असती तर मी अजून फिरवतच बसलो असतो. पण त्यानं सूर सारखा होतो गं, ठोसा येत नाही. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला तो कसा यायचा ते आठव. तुझा पाय ड्रमवर पडायचा, त्याच क्षणी माझं बोट, आणि पहिल्या रांगेतले प्रोफेसर छातीवर हात ठेवायचे. तो अर्धा ठोसा तुझा होता. सिदूभाऊंच्या कॅसिओला पाय नाही. म्हणून मी अप्पांना म्हटलं, परीक्षेला एक ड्रमवाली बोलवू का पुण्याहून? अप्पा म्हणाले, "हिचं तरी ऐकू येतंय का?" म्हटलं, हिचं हडपसरपर्यंत जातं. "मग बोलाव की."

तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं विचारलं, ही कोण. मी म्हटलं, सोबत वाजवते. आई म्हणाली, "ते कळलं, फुडचं सांग." आता पुढचं मी तुला विचारल्याशिवाय कसं सांगू? आपण पुढचं कधी बोललोच नाही, आपण नेहमी बटणांवरच भांडलो. म्हणून हे पत्र. उत्तर बूथवर फोन करून देऊ नकोस, हरिबाचं दार लागत नाही. बुधवारच्या परळी गाडीत ड्रम टपावर टाकून ये. नुसतीच ड्रम वाजवायला आलीस तरी मी स्टँडवर असेन आणि गुरुवारी आपण वाजवू, अप्पांना ऐकवू, पुढचं काही नाही म्हणून मी आईला सांगेन. आणि पुढचं काही असेल तर घरी येऊन तिला तूच सांग, कारण माझं कुणाला ऐकू येत नाही.

तुझाच,
मृत्युंजय