माळ्यावरच्या डब्यांची शाळा

४ जानेवारी

चि. सौ. ठकूस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुझी आईही दिवसभर तिथेच असते. तिच्या हाताचा विषय निघाला की ती टीव्हीचा आवाज वाढवते. शिवाय फोनवर मला काय सांगायचं होतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. म्हणून हे पत्र. पाय मोकळे करून येतो असं सांगून पेटीत टाकीन.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची जीभ सुधारली. किती सुधारली ते माझ्या कानांना विचार. पायही सुधारला, आता जिना चढते. उजव्या हाताचं मात्र अडलं आहे. एक तर वस्तू हातातून सुटते, नाही तर चिरडते. परवा चहाचा कागदी कप तिने असा काही धरला की चहा माझ्या मांडीवर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताकद येईल, पण हलकेपणा परत येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. आणि तुझ्या आईला हवा आहे तो नेमका हलकेपणाच. चष्म्याच्या काडीत मुंगीएवढा स्क्रू बसवणारी बाई ती. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तिचं टेबल, भिंग, चिमटे सगळं जसंच्या तसं ठेवलं आहे. मार्च संपेपर्यंत वाट बघतो म्हणाले, मग मात्र दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल. ते गेल्यावर संध्याकाळभर ती माझ्यावर एकदाही डाफरली नाही. त्यावरून काय ते समज.

डॉक्टरीणबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो कुत्र्यांनी खेळायचा असतो म्हणाली, आणि खरंच शेजारच्या कुत्र्याला देऊन आली. म्हणून मी माळ्यावर चढलो. (शिडी शेजाऱ्याने धरली होती, ओरडू नकोस.) आपले जुने व्हिडिओ गेम सगळे जागेवर आहेत. मी जन्मभर विजेच्या सामानाच्या दुकानात पॅकिंग केलं, माझ्या हातचा खोका उंदरालाही फुटत नाही. तुला आठवत असेल, दुकानात नवा गेम आला की शोकेसमधला जुना नग कामगारांना स्वस्तात मिळायचा. त्यामुळे आपल्या घरी प्रत्येक डबा आला, पण जगाच्या एक पाऊल मागून.

त्यातला सगळ्यात पहिला काढला. दोन गोल खुंट्या, पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि मध्ये चौकोनी चेंडू. रंग नाही, गाणं नाही. तो आला तेव्हा तू मांडीवर होतीस. मागच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला जोडला आणि चालला की! तुझ्या आईने खुंटी दोन बोटांत धरली. पहिल्यांदा रेघ पडद्याबाहेरच पळाली. मग जरा थांबली. मग तिने मला हरवलं.

आता मी ठरवलं आहे की एकेक डबा क्रमाने काढायचा. खुंटीचा झाला की दांडीचा, मग दोन बटणांचा, मग सहा बटणांचा. एकही इयत्ता गाळायची नाही. मला पाचवीतून एकदम सातवीत ढकललं होतं हे तुला ठाऊक आहे. सहावीचं गणित मला अजून कुणी शिकवलेलं नाही, आणि सातवीत मी जो बसलो तो कायमचाच. तसं तिचं व्हायला नको.

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. नीट ठेवलं आहे.

तुझ्या बाल्कनीचा कठडा सैल आहे असं मागे म्हणाली होतीस, तो बघून घे. जावईबापूंना आशीर्वाद. आमची आठवण ठेव, आणि स्वेटर घाल.

तुझा बाबा


१५ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना हसूही आलं आणि जरा डोळेही चुरचुरले. कठडा नवा बसवला आहे, स्वेटर अंगात आहे, गॅस बंद आहे. आता पुढचं वाचा.

आईने खुंटी फिरवली हे वाचून मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडची नवी मुलं तो डबा बघायला मिळेल का विचारतात. मी म्हटलं, बाबा देतील, पण आधी तुमची परीक्षा घेतील.

पण बाबा, पार्सल नुसतं ठेवायला पाठवलेलं नाही. त्यातला नवा गेम टीव्हीला आणि इंटरनेटला जोडला की आई तिथून आणि मी इथून एकाच शर्यतीत धावू शकतो. त्याला कॅसेट लागत नाही, तबकडी लागत नाही, गेम तारेतून आपोआप येतो. तुम्हाला हे पटणार नाही माहीत आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा वीस मिनिटांत जोडून देईल. मी दर रविवारी दुपारी चहा घेऊन बसते. गेल्या रविवारीही बसले होते. आई आली नाही.

शाळेतून आल्यावर मी आणि आई एकाच सतरंजीवर बसून खेळायचो, आणि तुम्ही मागे उभे राहून वायर गरम झाली का ते हात लावून बघायचात. मला ते परत हवं आहे, इतकंच.

तिला सांगा, मी वाट बघते. तुमची माया अशीच राहू दे.

तुमची ठकू


२ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस अ. आ.

तुझं पत्र पोचलं. सर्दी गेली का? फोनवर नाक चोंदल्यासारखं वाटलं.

इकडे प्रगती आहे. दांडीची इयत्ता पास झाली. त्या डब्याला एकच लाल बटण, आणि तुझ्या आईने ते इतक्या जोरात दाबलं की आत बसलं. मी पिन घालून बाहेर काढलं. मग दोन बटणांचा राखाडी डबा काढला. कॅसेट काही केल्या लागेना. तुझी आई म्हणाली फुंकर मार. मी म्हटलं फुंकरीने गंज चढतो. ती म्हणाली, तुम्ही हयातभर खोके बांधलेत, आत काय असतं ते तुम्हाला कुठून कळणार. मग तिनेच कॅसेट माझ्या हातून घेतली, फुंकली आणि लावली, आणि अर्थातच लागली. आता मला तोंड दाखवायला जागा नाही. तो टोपीवाला माणूस घेऊन ती किल्ल्यापर्यंत जाते. माझा पहिल्याच खड्ड्यात पडतो. मी मेलो की ती टाळ्या वाजवते, आणि टाळी दोन्ही हातांची असते, म्हणून मी वाईट वाटून घेत नाही.

सहा बटणांचा डबाही गेल्या आठवड्यात सुरू केला. ताकद चांगली आली आहे. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण तिने एका झटक्यात उघडलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी सरळ करून देते म्हणाली आणि कट् आवाज झाला. दोन तुकडे. ती बराच वेळ ते हातात घेऊन बसली होती. मी म्हटलं, जुनाच होता. सध्या मी दोरा बांधलेला चष्मा घालून हे लिहितो आहे, ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे.

पार्सलचं म्हणशील तर भिंतीतलं सॉकेट जरा सैल वाटतं. वायरमन येऊन बघून गेला की मग. घाईने काही जळायला नको.

सांभाळून राहा. आमच्यावर रागावू नकोस.

तुझा बाबा


१२ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

सर्दी गेली. रागावले मात्र आहे, थोडीशी.

फोनवर आईला विचारलं की रविवारी का येत नाहीस, तर ती म्हणाली, कुठे यायचं? मला वाटलं ती टाळते आहे. हात असा झाल्यापासून तिला माझ्यासमोर हरायचं नसेल असं मनात आलं. रडले नाही, पण चहा गार झाला.

आणि बाबा, सॉकेटचं निमित्त मी लहानपणापासून ओळखते. शाळेची सहल नको असली की तुम्हाला बसचं चाक सैल वाटायचं.

एक गोष्ट नीट वाचा, वाटल्यास दोनदा वाचा. तुम्ही क्रमाने काढताय ते सगळे डबे चांगलेच आहेत. पण त्यांच्या बटणाला दोनच गोष्टी कळतात, दाबलं किंवा नाही दाबलं. आई पिसासारखं दाबो की हातोड्यासारखं, टोपीवाला उडी सारखीच मारतो. म्हणून तिची ताकद वाढली, पण ती जोर किती लावते हे तिला सांगणारं तिथे कुणीच नाही. पार्सलमधल्या रिमोटला खालच्या बाजूला, तर्जनीखाली, दोन चाप आहेत. एकाने गाडी पळते, दुसऱ्याने ब्रेक लागतो. थोडा दाबला तर थोडा, जास्त दाबला तर जास्त. बोटाने किती दाबलं ते पडद्यावर लगेच दिसतं. तिला हवं आहे ते त्यात आहे. मार्च फार लांब नाही.

ते आहे कुठे बाबा, खरं सांगा.

तुमचीच, आणि तरीही लाडकी,
ठकू


२० फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा थोडक्यात आणि वेडंवाकडं.

तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि मी ते वाचलं. लोकांची पत्रं वाचू नयेत हे मला माहीत आहे, पण त्यात माझाच हात होता. तुझं पार्सल मला सापडलं. कपाटात, हिवाळ्याच्या रजयांमागे. वर पुठ्ठा, त्यावर चादर, त्यावर सुतळी, त्यावर परत पुठ्ठा. तुझ्या बाबांच्या गाठी आहेत, मला सोडवताना अर्धा दिवस लागला. त्यालाच व्यायाम म्हणावं. ते आल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू कामात असशील, म्हणून रविवारी फोन करत नसशील, असं मी धरून चालले होते.

मी त्यांना विचारलं. म्हणाले, तुझी ती इयत्ता अजून यायची आहे. म्हणाले, नवं एकदम हातात दिलं आणि नाही जमलं तर तू खचशील, मग तो हातही खचेल. मी म्हटलं, मी नापास होईन की नाही ते मला होऊन बघू द्या. त्यावर चहा करतो म्हणून ते आत गेले. बिचाऱ्याने साखर घातलीच नाही. मी तसाच प्यायले.

त्यांना फार बोलू नकोस. घाबरट माणूस आहे, पण घाबरतो ते आपल्यासाठीच.

रविवारी येते. हरवायला तयार राहा.

आई


२३ मार्च

चि. सौ. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं ते पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. चूक माझी होती. खालच्या मजल्यावरचा मुलगा येऊन जोडून गेला. सॉकेट घट्ट आहे म्हणाला.

पहिले काही रविवार कसे गेले ते तू पाहिलंसच. तुझ्या आईची गाडी सुटली की सरळ भिंतीत. चाप पूर्ण दाबला जायचा, सोडला की पूर्ण सुटायचा, मधलं काही नव्हतंच. दुसऱ्या रविवारी तिने रिमोट सोफ्यावर आपटला आणि मला म्हणाली, तुमचंच खरं होतं, झालं समाधान? ठकू, त्या वेळी मला सहज हो म्हणता आलं असतं. पार्सल परत बांधायला पुठ्ठाही मी जपून ठेवला होता. पण मी रिमोट उचलून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, भिंत तुझ्या बापाची नाही, अजून फोड. हे मी कसं बोललो ते मला माहीत नाही. ती इतकी हसली की शर्यत सुरू झालेलीही तिला कळली नाही.

मग ती रोज बसू लागली. एकटीच, शर्यत न लावता. गाडी नुसती हळू चालवायची, माणूस चालतो तशी. मी शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करायचो. कधी गाडी रांगायची, कधी उसळायची. उसळणं कमी होत गेलं.

आता कालचं, ज्यासाठी पत्र लिहिलं. आपण तिघं धावलो, तू नेहमीसारखी पुढे होतीस. मागे तुझी आई आणि सगळ्यात मागे, खालच्या मुलाकडून आणलेल्या दुसऱ्या रिमोटवर, मी, तेही नेहमीसारखंच. शेवटच्या फेरीत मी काय पुण्य केलं कोण जाणे, एकदाही गवतात गेलो नाही. शेवटच्या वळणावर तिची गाडी माझ्या जरा पुढे होती. मग शेवटच्या रेषेपाशी मी नाकभर पुढे गेलो आणि दुसरा आलो. तू तिकडून फोनवर ओरडलीस, बाबा, जमलं की हो तुम्हाला! जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला पडद्यावर गाड्या दिसत होत्या. मला शेजारी तिचा हात दिसत होता.

रेषा आली तशी तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. मग तिची उजवी तर्जनी ब्रेकच्या चापावर गेली, आणि तिने तो दाबला असंही म्हणता येणार नाही. नुसती टेकवली आणि कणभर आत नेली. काडीतला स्क्रू शेवटचा अर्धा फेरा घेतो तेव्हा ती जशी श्वास धरते, तसा तिने श्वास धरला होता. जास्त दाबला असता तर गाडी थांबली असती आणि मला कळलं असतं. दाबलाच नसता तर मी हरलो असतो. तिने नेमका मधला जोर काढला.

ती म्हणाली, तुमची चांगलीच सुधारणा झाली. मी म्हटलं, सराव आहे. तू हे तिच्याकडे काढू नकोस, माझा दुसरा नंबर मला हवा आहे.

आज सकाळी तिने मालकांना फोन केला. उद्या दुकानात जाऊन येते. रस्ता ओलांडताना मी बरोबर असू का विचारलं, तर नको म्हणाली. बरं म्हटलं. चौकापर्यंत लांबून मागे मागे जाईन.

तुम्ही दोघं सुखी राहा, आणि अधूनमधून या म्हाताऱ्याला जिंकू द्या.

तुझा बाबा