जुलैचं गप्प यंत्र

प्रिय टॅम्सिन,

हे पत्र लिहायला तिसऱ्यांदा बसलोय. दोनदा उठून कालव्यापर्यंत जाऊन आलो. तुझी आई गेल्यापासून एका जागी बसवत नाही.

तिचं यंत्र मी अजून लावतो. वटवाघळांचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज टिपणारी ती डबी विद्यापीठातल्या मुलीने तिला दिली, तेव्हा मी हसलो होतो. तुझी आई म्हणाली, "हस तू. शेजारी फवारणीला विमान बोलावतो. माझे पायलट बोंडअळीचे पतंग फुकटात खातात." डबी कधी कुठे टांगायची ते तिच्या वहीत आहे. वसंतात ओढ्याकाठच्या झाडांवर, उन्हाळ्यात कापसाच्या बांधावर, वेचणी झाली की मधल्या वावरातल्या जुन्या निलगिरीवर. मार्चमध्ये ती गेली आणि हे काम माझ्याकडे आलं. एप्रिलमध्ये निलगिरीपाशी एका संध्याकाळी दोनशेवर आवाज मिळाले. मे महिन्यात चाळीस, जूनमध्ये चार. जुलैच्या थंडीत एकही नाही.

मला वाटलं, गेली. रानबदकं जातात तशी. रोज जाऊन रिकामी डबी उघडायची, परत यायचं. ते झाड डोळ्यांसमोर नको झालं. पेरणीच्या यंत्रालाही त्याला दरवर्षी वळसा घालावा लागायचा, ते एक निमित्त. बुलडोझरवाला लॅकी शेजाऱ्याच्या कामाला आला होता. म्हणाला, "म्हाताऱ्या, आता तिथे राहतंय कोण? अर्ध्या तासाचं काम आहे." मी हो म्हटलं.

खोड पडलं आणि उकललं. ढोलीत अकरा होती, अंगठ्याएवढी, एकमेकांना चिकटलेली, गार. लॅकीने टोपी काढली. "मेलीत का रे?" एवढंच म्हणाला. मग एकाने अगदी हळू तोंड उघडलं. मी वेल्डिंगचे हातमोजे घातले आणि त्यांना खोक्यात लोकरीवर ठेवलं. गावातून जखमी प्राणी सांभाळणाऱ्या पॅजेटबाई आल्या त्या चिडूनच. "थंडीत ती कुठे जात नाहीत हो! झोपतात!"

त्या संध्याकाळी वही नीट पाहिली. मी फक्त जागांचा रकाना वाचत आलो होतो. गेल्या जुलैच्या पानावर, कडेला, तिच्या बारीक अक्षरात होतं: यंत्र गप्प. सगळी घरी.

नऊ वाचली. पॅजेटबाई म्हणतात, सप्टेंबरमध्ये उबदार झालं की जिथे सापडली तिथेच सोडायची. तिथे आता काही नाही. लॅकीने ढोलीचा तुकडा कापून दिला, तो आम्ही कालव्याकडच्या झाडाला पट्ट्यांनी बांधलाय. लॅकी हल्ली थट्टा करत नाही. ती वटवाघळं त्यात शिरतील की नाही, माहीत नाही. म्हणूनच चकरा मारतो.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, सप्टेंबरमध्ये येते, आईची राख तिच्या निलगिरीखाली ठेवूया. झाड कसं आहे, असंही विचारलंस. मी म्हटलं, "आहे तसंच." खोटं बोललो, टॅम. फाटकातून आत येताना तुला ते एकदम कळू नये म्हणून लिहितोय. राख कुठे ठेवायची ते तू ठरव, मला आता तो अधिकार आहे असं वाटत नाही. रागाव. पण ये. ती नऊ सोडायच्या संध्याकाळी मला एकट्याने तिथे उभं राहता येणार नाही.

तुझाच,
डॅड