गेरूचे सहा दगड आणि कोंडाजीचा आकडा

यंदाच्या दसऱ्याच्या सकाळी हत्यारांना फुले वाहून मी गिरणीवाले आबाजीशेठ यांच्या मोटारीच्या शेडीत शिडीवर चढलो आणि वर जाणाऱ्या दाराच्या तोलाच्या पेटीतले, पावसाळ्यापुरते घातलेले जादा दगड काढू लागलो. चौथा दगड हातात असताना मला एकदम धाप लागली. दगड सोडता येईना, कारण खाली माझा मदतनीस वाघ्या उभा होता. शिडीला मिठी मारून मी रामाचे नाव घेत राहिलो. वाघ्या खालून ओरडला, "मिस्त्री, आदी दगूड द्या, मंग काय मरायचं ते मरा! आन् कोन्च्या दाराला किती दगूड ते सांगून मरा. तुमच्याबिगर कुनाला ठाव हाय?"

धाप गेली, पण त्याचे बोलणे डोक्यातून गेले नाही. म्हणून मी, मालोजी धोंडी पांचाळ, वय सुमारे एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, शिक्षण गावच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही, आणि तंबाखूखेरीज कसली नशा मी करीत नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी.

वस्तू थोड्या आहेत. ओझे एकच आहे आणि ते आधीच सांगतो. आमच्या घराण्यात लाकूड आणि लोखंड दोन्ही चालते. मी लाकूड धरले, धाकटा भाऊ कोंडाजी याने लोखंड. सहा वर्षांपूर्वी मी चार लोकांसमोर त्याच्यावर खोटा दोष ठेवला. तो गाव सोडून खालापूरला गेला आणि आमचे बोलणे थांबले. तो दोष त्याच्यावरून उतरावा यासाठी मुख्यतः हा कागद आहे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

कलम पहिले. दहिवलीचे राहते घर, परसातली दोन फणसाची झाडे आणि देवघर माझी पत्नी भागूबाई हिचे. देवघरातल्या रामाला रोज तुळस वाहावी. तिला ते कधी सांगावे लागले नाही, माझ्यामागेही सांगण्याची गरज नाही. घराचे दार मात्र साधेच ठेवावे. मला वर जाणाऱ्या दारांचा सोस होता तेव्हा मी स्वयंपाकघरालाही तसे दार लावू पाहत होतो. ती म्हणाली, "मी भाकरी थापताना मान वर करून दार बगू का तवा बगू?" तिचे बरोबर होते.

कलम दुसरे. माझी दारांची वही मुलगी इंदूबाई हिला द्यावी. ती शेलूला सासरी असते. कर्जत, नेरळ, खोपोली मिळून मी वर जाणारी सतरा दारे बसवली. लढाईत मुंबईच्या गुंडाळीच्या दारांचा पत्रा मिळेनासा झाला, म्हणून लोकांनी माझ्या लाकडी दारांना पसंती दिली, हे मी जाणून आहे. प्रत्येक दाराचे वजन, दोराची लांबी आणि दगडांची संख्या वहीत आहे. इंदू लहानपणापासून दगड निवडायला माझ्याबरोबर नदीवर येत असे आणि हातात घेऊन वजन सांगत असे. जावयांनी विचारले, "बाईमानूस शिडीवर चढनार का?" तर त्यांना सांगावे की चढायला वाघ्या आहे, हिने फक्त खालून आकडे सांगायचे आहेत, आणि ते काम ती घरीही करतेच.

इंदूसाठी दाराची रीत इथे थोडक्यात लिहितो, म्हणजे वही हरवली तरी अडणार नाही. हे दार बाहेर उघडत नाही आणि आतही उघडत नाही. दोन खांबांच्या खाचांतून सरळ वर जाते आणि चौकटीच्या वर जाऊन उभे राहते. अरुंद गल्लीत, चिखलात, भाताच्या पोत्यांच्या थप्पीपुढे म्हणूनच ते सोयीचे. दोन्ही बाजूंना दोर, दोर कप्पीवरून जातो, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला नदीतल्या गोट्यांची पेटी. दार आणि पेटी म्हणजे तराजूची दोन पारडी. पारख अशी करावी: दार छातीपर्यंत उचलावे आणि हात काढावा. तिथेच थांबले तर ठीक. खाली आले तर पेटी हलकी, वर गेले तर पेटी जड. उघडे दार जागेवर राहावे म्हणून एक लोखंडी आकडा असतो. तो नुसता अडकवण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही. आकड्यावर ओल्या लुगड्याइतकाही भार येता कामा नये.

आता आपल्याकडची अडचण. मुंबईच्या मिस्त्र्याला ती ठाऊक नाही. आपल्या पावसात ऐनाची फळी पाणी पिते. चैत्रात दोन माणसांनी उचललेले दार आषाढात चार माणसांना उचलत नाही. म्हणून प्रत्येक दाराला मृगाच्या आधी जादा दगड घालावेत आणि दसऱ्याला काढावेत. जादा दगडांना गेरू फासलेला असतो, म्हणजे चुकायला नको. गोदामाचे दार दिवसातून वीस वेळा उघडते, त्याचा दोर दरवर्षी बदलावा. दुकानाचे दोनदाच उघडते, त्याचा दोर दोन वर्षे चालतो. घरच्या मोटारीचे दार आठवड्यात एकदा उघडते, आणि त्याचा दोर उंदीर खातात. तो हाताने चाचपून पाहावा, डोळ्यांवर विसंबू नये. आणि कोणाला दाराखाली उभे राहू देऊ नये. आपल्या लोकांना उंबऱ्यात उभे राहून निरोप घ्यायची सवय आहे, आणि निरोपाला अर्धा तास लागतो.

कलम तिसरे. शिडी, कप्प्या, जाड दोर आणि माझा लोकरी कोट वाघ्या याला. डोंगराखालच्या वाडीतून तो बारा वर्षे माझ्याबरोबर येतो. कोट त्याला तोकडा होईल. त्याने त्याबद्दल बोलू नये.

कलम चौथे. स्टेशनाजवळ एक भांडीवाले आहेत. त्यांनी लढाईआधी मुंबईहून पत्र्याचे गुंडाळीचे दार आणले आणि माझ्या दारांना "कोंबड्यांच्या खुराड्याची दारं" म्हटले. ते पत्र्याचे दार दर श्रावणात अडते आणि ते मला बोलावतात. मी जातो, खाचेतला गंज काढतो, एरंडेल सोडतो, दार उघडते, आणि ते गिऱ्हाइकाला सांगतात, "मुंबईचा माल! बगा कसा चालतो." माझ्यामागे इंदूने त्यांच्याकडे जावे, कारण अडलेल्या माणसाला नाही म्हणू नये. फक्त एरंडेल त्यांच्या घरचे वापरावे. आणखी एक: ज्या नळीवर तो पत्रा गुंडाळतो तिच्या आत पिळलेली स्प्रिंग असते. ती कोणी हातोडीने उघडू नये. चिडलेल्या बैलासारखी ती अंगावर येते. भांडीवाल्यांवर माझा राग असला तरी इतका नाही.

कलम पाचवे. मारुतीच्या देवळाला वर जाणारे दार बसवा असा गावाचा आग्रह आहे. माझ्यामागेही बसवू नये. देवाच्या दर्शनाला माणसाने मान खाली घालून जावे. वर लटकणाऱ्या फळ्यांकडे बघत जाऊ नये.

कलम सहावे, कोंडाजीविषयी. हे कलम मी दोनदा लिहिले.

पहिल्यांदा असे लिहिले होते. सन १९४० च्या चैत्रात आम्ही दोघांनी आबाजीशेठांच्या शेडीला दार बसवले. फळ्या माझ्या, आकडा कोंडाजीचा. मृगाच्या आधी बाकीच्या दारांना मी गेरूचे दगड घातले. या दाराचे सहा दगड शेडीच्या मागे भिंतीशी मांडून ठेवले आणि राममंदिरात सप्ताह बसला म्हणून निघून गेलो. ते घालायचे राहिले. आषाढात भिजलेले दार त्या आकड्यावर लटकले, आकडा सरळ झाला आणि दार मोटारीच्या तोंडावर पडले. माणूस कोणी नव्हते, रामाची कृपा. गर्दी जमली. आबाजीशेठांनी विचारले, "ह्ये कुनाचं काम?" आणि माझ्या तोंडून निघाले, "लाकूड शाबूत हाय, शेठ. लोखंडानं दगा दिला." कोंडाजीने सरळ झालेला आकडा उचलला, तळहातावर धरून पाहिला आणि निघून गेला. दुपारी मी शेडीच्या मागे गेलो. सहा दगड पावसात धुऊन निघत होते. मी ते एकेक करून पेटीत टाकले. कोणी पाहिले नाही.

सहा वर्षे मी रोज पोथी वाचतो. भावाभावांचा अध्याय आला की माझ्या हातून दोन पाने एकदम उलटत.

याच्यापुढे मी लिहिले होते: माझ्या मृत्यूनंतर हे कलम कोंडाजीला वाचून दाखवावे, म्हणजे त्याचे समाधान होईल. लिहून झाल्यावर मी भागूबाईला सगळा कागद वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. घराचे कलम तिने ऐकले, वाघ्याच्या कोटाला हसली. या कलमाला तिचा हात थांबला.

"म्हंजी तुमी मेल्यावर भावाला बरं वाटायचं?" ती म्हणाली. "आदी तुमच्या तेराव्याला यायचं, मंग त्याला कळायचं का त्याचा दोस नव्हता? आन् तवा तो भांडनार कुनाशी? तुमच्या फोटूशी? आपल्याकडं फोटूबी नाय."

दुसऱ्या दिवशी मी गाडीने खोपोलीला आणि तिथून चालत, वाटेत दोनदा बसत, खालापूरला गेलो. कोंडाजी भात्यापुढे होता. मला पाहून म्हणाला, "ये दादा." जणू मी कालच येऊन गेलो होतो. भिंतीवर त्याने केलेले आकडे टांगले होते. एकेक आकडा मनगटाएवढा जाड.

मी म्हणालो, "कोंडाजी, हत्ती बांदायचेत का रं?"

तो हसला नाही. म्हणाला, "एकडाव हातचा आकडा सरळ झाला. तवापासनं हाताचा भरवसा नाय. लोक हसत्यात. हसूंदेत. पडत तर नाय ना."

मला वाटत आले होते की तो माझ्यावर रागावून बसला असेल. तो स्वतःवर रागावून बसला होता. मी खाली बसलो आणि सगळे सांगितले.

"गेरूचे?" त्याने विचारले.

"गेरूचे."

"साच्या सा?"

"साच्या सा."

त्याने हातोडा ठेवला. "आरं दादा! लढाईत लोखंडाचा तुकडा मिळत नव्हता, तवा मी एकेका आकड्याला दोन आकड्यांचं लोखंड घातलं रं! भंगारवाल्याचे पाय धरले! आन् तू तिकडं पोथी वाचत हुतास!"

त्याची बायको चंद्राबाई तांब्या घेऊन बाहेर आली. "दादा, आदी पानी घ्या," ती म्हणाली, "मंग बोलनी खा." मी दोन्ही घेतली. पाणी थंड होते. बोलणी संध्याकाळच्या गाडीपर्यंत पुरली. निघताना कोंडाजी मला वेशीपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "पन मला सांगून काय उपेग? तू काय माज्या कानात बोलला नव्हतास. चार गावांम्होरं बोललास."

म्हणून ते कलम मी खोडले, आणि त्या जागी जे घडले ते लिहीत आहे.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, म्हणजे ५ डिसेंबरला, गिरणीपुढे भात भरडायला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. मी त्या शेडीपुढे जाऊन उभा राहिलो आणि आबाजीशेठांना बाहेर बोलावले. गिरणी बंद करायला लावली, कारण तिच्या आवाजात माझे बोलणे बुडाले असते आणि मला ती पळवाट नको होती. मग मोठ्याने सांगितले की सहा वर्षांपूर्वी हे दार माझ्या विसरण्याने पडले, दगड मी घातले नव्हते, नंतर चोरून घातले, आणि कोंडाजीचे लोखंड निर्दोष होते.

मग पोपट गाडीवान जुवावर बसल्या बसल्या म्हणाला, "मंजी आमी सा वर्सं कोंडाजीला सोडून पार पनवेलच्या लव्हाराकडं जात हुतो, ते फुकटच व्हय? माज्या बैलाचे खूर झिजले मिस्त्री, त्ये कोन देनार?" रांगभर हसू पसरले. आबाजीशेठांना हसू आले नाही. ते दाराकडे पाहत म्हणाले, "मालोजी, मी त्या दिवसापासनं त्याला कंदी हाक मारली नाय. आता मारायला लागंल." खालापूरहून येऊन रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या कोंडाजीला त्यांनी स्वतः जाऊन हाताला धरून पुढे आणले.

यावरून माझी शेवटची व्यवस्था अशी: दहिवलीचा माझा कारखाना, त्यातला ठोकळा, करवती, रंधे आणि सतराही दारांच्या लोखंडाचे काम आजपासूनच, माझ्या मरणाची वाट न पाहता, कोंडाजीचे आणि माझे निम्मे निम्मे. माझ्यामागे माझा निम्मा भागही त्याचाच. या कलमात वारसांनी करण्यासारखे काही उरलेले नाही. जे करायचे होते ते मी स्वतः, भर दुपारी, गाड्यांच्या रांगेसमोर केले आहे.

सही: मालोजी धोंडी पांचाळ

मुक्काम दहिवली, तालुका कर्जत. मार्गशीर्ष वद्य पक्ष, बुधवार, तारीख ११ डिसेंबर १९४६.

साक्षीदार: वरचा मजकूर मालोजी यांनी आम्हा दोघांपुढे वाचला आणि आमच्या देखत सही केली. सही करताना ते हसत होते, पण पूर्ण शुद्धीवर होते.

१. आबाजीशेठ गिरणीवाले, कर्जत. सही.
२. पोपट गाडीवान, दहिवली. डाव्या हाताचा अंगठा.

ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष घालू नये असे शाळामास्तरांनी सांगितल्यामुळे कोंडाजी धोंडी पांचाळ यांची सही घेतलेली नाही. ते शेजारी बसले आहेत.