एका शालीत सगळे सत्कार

प्रिय आई,

पाया पडते. गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस.

माझ्या शाळेतली समीक्षा विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात पहिली आली! काल सत्काराला तिला कर्जतला नेलं.

आई, किळस आली गं. स्टेजवरचे पुढारी एकमेकांनाच शाली घालत बसले. पोरं खाली सतरंजीवर ताटकळलेली. त्यांची पाळी आली तेव्हा एकच शाल उरली होती. ती एकाला घालायची, फोटो काढायचा, की ओढून पुढच्याला. नारळसुद्धा तोच! समीक्षाच्या हातातला नारळ काढून घेतला, तेव्हा ती अजून कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

परतताना कशेळ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये समीक्षा म्हणाली, "बाई, माझ्या आयला काय दाखवू?"

मी माझ्या अंगावरची, तू बॅगेत कोंबलेली शाल तिच्या खांद्यावर घातली आणि तिला घरी सोडायला गेले.

दारातच तिच्या आईनं शालीवरून हात फिरवला. "सायबांनी दिली ना?"

समीक्षा माझ्याकडे बघत राहिली. मी "हो" म्हणाले.

त्या बाईनं तिथूनच त्या पुढाऱ्यांना हात जोडले गं.

रागावू नकोस.

तुझी,
ऋतिका