आतल्या टायरची हवा

अण्णा, परवा मी हवा भरायचं मशीन विकत आणलं. तुम्ही हसाल. तुमच्या पिंपळगावच्या टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर म्हणजे आडवी टाकी, वर मोटर आणि पट्टा, आणि तो सुरू झाला की समोरच्या चहावाल्याला हाक मारायची तर घसा फाटायचा. आता तेच काम करणारं यंत्र शिवणाच्या डब्याएवढं असतं. कापडी पिशवीत घालून देतात. गाडीच्या बॅटरीला दोन चिमटे लावले की चालू. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की दुकान नक्की कुठे होतं हे मलाही आता हायवेवरून जाताना सांगता येत नाही. पूल झाला, बाजूचा रस्ता रुंद झाला, आणि आपलं ते लिंबाचं झाड गेलं. त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहायला बसलेय, कारण या यंत्रापायी मी एक खोटं बोललेय आणि ते फक्त तुम्हाला कळण्यासारखं आहे.

आधी गाडीचं सांगते. तुमच्या जावयांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी सतरा सीटची मिनीबस घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. सीटा काढल्या, पलंग बसवला, छोटा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर मोजूनमापून काम केलेला माणूस, त्यामुळे एक फळी वाकडी नाही. गाडी तयार झाली आणि सहा महिन्यांत ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण उजवा हात आणि उजवा पाय मागेच राहिले. आता चालवायची मी. गाडी चालवायला मी पंचेचाळिशीत शिकले होते, तेव्हा ह्यांनीच शिकवलं. ह्यांना तोरणमाळला जायचंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी मित्रांबरोबर तिथे गेले होते आणि तळ्याकाठी एक रात्र काढली होती. स्वतःच्या गाडीत तिथे झोपायचं, हे तेव्हापासून डोक्यात आहे. डॉक्टर म्हणाले, जा, पण थंडी सरायच्या आत जा.

अण्णा, मला जायचं नव्हतं. हे वाक्य मी घरात एकदाही बोलले नाही. सकाळी उठल्यापासून ह्यांना उठवणं, अंघोळ, व्यायाम, गोळ्या, पथ्याचा स्वयंपाक, दुपारी पुन्हा व्यायाम. ते सगळं घरात, सपाट फरशीवर, कठड्याला धरून कसंबसं होतं. तेच हलत्या गाडीत, मालेगाव, धुळे करत, घाट चढून, चार दिवस? आणि स्टीअरिंगवरही मीच? लोक म्हणतात, किती हौशी जोडपं. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमचं बरं आहे बाई, फिरायला मिळतं. मी हसले. हसण्याचेही कष्ट होतात हे मला पूर्वी माहीत नव्हतं. ह्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं धैर्य मात्र मला झालं नाही. त्या माणसाकडे आता दुसरं काय उरलंय, असं वाटायचं.

मग मी काय केलं ते ऐका. निघायला आठ दिवस असताना, दूध आणायला म्हणून खाली गेले, गाडीच्या मागे आडवी झाले आणि मागे एकमेकांना लागून असतात त्या दोन चाकांच्या जोडीतल्या आतल्या टायरच्या वॉल्व्हमधली पिन काढली. डाव्या बाजूच्या. हवा पूर्ण जाऊ दिली, पिन परत बसवली, टोपी लावली, हात पुसले आणि दूध घेऊन वर आले. बाहेरचं टायर भरलेलं, गाडी सरळ उभी, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. आतल्या टायरचं असंच असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. नाश्ता झाल्यावर मी ह्यांना खाली नेलं, काठीने टायर ठोकून आवाज ऐकवला आणि म्हटलं, पंक्चर दिसतंय. चाकं उतरवावी लागतील. या आठवड्यात काही जमायचं नाही.

मला वाटलं, चेहरा पडेल, चार दिवस हळहळतील आणि विषय मागे पडेल. हे मात्र खुलले. "बघ, मी म्हणत नव्हतो? गाडीत आपला स्वतःचा कॉम्प्रेसर पाहिजे. रस्त्यात अशी हवा गेली असती म्हणजे? आधी मशीन आणू, भरून बघू. हळू गळती असेल तर वाटेत रोज भरत जाऊ." आणि बसले मोबाइल घेऊन. दोन दिवस दुसरं काही नाही. डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात, यादी केली. लायटरच्या भोकात लावायचं मशीन नको, फ्यूज उडतो. चार्जिंगचं नको, मोठी दोन टायरं भरली की संपतं. थेट बॅटरीला लागणारं हवं. साठ पौंडाच्या वर दाब द्यायला हवं. नळी मागच्या चाकापर्यंत पोचायला हवी. शेवटी लिहिलं होतं, वाकडं नोझल, आतल्या टायरसाठी, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या दोन रेघांनी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

द्वारका चौकाजवळ एक म्हातारे चाचा टायरचं सामान विकतात, त्यांच्याकडे गेले. यादी पर्समध्येच ठेवली. खरं सांगते, मी सगळ्यात लहान मशीन उचललं होतं. मनात आलं, हे साठ पौंडाला दमेल, टायर भरणार नाही आणि आपसूक जाणं रद्द होईल. चाचांनी विचारलं, "गाडी कुठली ताई?" मी सांगितलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. "ये स्कूटरवाल्यांचं खेळणं आहे. तुमच्या गाडीला लावलं तर पाच मिनिटांत गरम होऊन गप बसेल. मग घाटात मला शिव्या घालाल." मी म्हटलं, चालेल. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "चालेल कसं? पीछे जोडी आहे ना? आतल्याची हवा कोण बघणार?"

तुमच्या दुकानात उभी आहे असं झालं अण्णा. मी बारा वर्षांची. द्राक्षांचा हंगाम, पेट्यांनी भरलेले टेम्पो रांगेत उभे, आणि तुम्ही दुसऱ्या गाडीच्या खाली. एक ड्रायव्हर घाईत आहे. तुम्ही खालूनच विचारता, "जोडीतलं आतलं बघितलं का गं?" आतल्या वॉल्व्हपर्यंत हात घालायचा म्हणजे कोपरापर्यंत ग्रीस आणि चिखल, आणि माझ्या अंगावर नवा फ्रॉक. मी म्हणते, "बघितलं." टेम्पो जातो. दुपारी तो ड्रायव्हर दुसऱ्याच्या गाडीत बसून परत येतो. चांदवडच्या अलीकडे बाहेरचं टायर फुटलं, कारण आतलं आधीपासून बसलेलं होतं आणि एकट्यावर सगळा भार आला. माणसाला काही लागलं नव्हतं. माल उन्हात उभा होता. ड्रायव्हर बाहेर बाकावर डोकं धरून बसला आणि मी तुमच्याजवळ येऊन रडत सांगितलं, अण्णा, मी बघितलं नव्हतं. तुम्ही मारलं नाहीत. हातातली टायर काढायची टॉमी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मला काय सांगती? ज्याची गाडी हाय त्याला जाऊन सांग." मी म्हटलं, मला भीती वाटते. "वाटू दे. त्याला सांग, मग मला तोंड दाखव." पुढे लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही खिशातून काढून ते हवा मोजायचं, पेनासारखं पितळी गेज दिलंत. सासरची माणसं हसली होती. मीही जरा ओशाळले होते.

ते गेज आजही माझ्या पर्समध्ये असतं. दुकानात तेच काढलं. चाचांनी बॅटरीवर चालणारी दोन मशीनं दाराशी उभ्या टेम्पोच्या टायरला लावून दाखवली आणि मी प्रत्येकाचा काटा आपल्या गेजशी ताडून बघितला. एकाचा काटा पाच पौंड जास्त दाखवत होता. दुसऱ्याचा बरोबर. "कुणी शिकवलं?" चाचा म्हणाले. वडिलांनी, म्हटलं. बरोबर काट्याचं, लांब नळीचं, वाकड्या नोझलचं मशीन घेऊन मी घरी आले. चुकीचं घ्यायला निघाले होते, पण हातांनी ऐकलं नाही. वाटेत स्वतःचाच राग आला, कारण आता जावंच लागणार होतं.

काल सकाळी, टायर थंड असताना, भरलं. मी खाली गोणपाटावर आडवी, हे खुर्चीत बसून डाव्या हातात काटा धरून आकडे सांगतायत. चाळीस. पन्नास. मध्ये मशीन दहा मिनिटं थांबवलं, गरम होतं म्हणून. साठ झाल्यावर ह्यांनी लहान मुलासारखी मांडीवर थाप मारली. आज सकाळी पुन्हा बघितलं. गेज लावलं, साठ. बोटाला थुंकी लावून वॉल्व्हवर धरली तुमच्यासारखी, बुडबुडा नाही. असणार कुठून? ह्यांनी काठीने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "अगं, पंक्चर नाहीच. मग हवा गेली कुठं?" मी म्हटलं, पिन सैल असेल. ह्यांनी लगेच मान डोलावली. "असेल. तुला त्यातलं जास्त कळतं, टायरवाल्याची मुलगी तू. निघायच्या आधी सगळ्या पिना नव्या टाकून घेऊ." आणि वहीत लिहून घेतलं. ह्यांना गाडीजवळ खुर्चीतच बसू देऊन मी वर आले, हात धुतले, तरी ग्रीस गेलं नाही, आणि हे लिहायला बसले.

अण्णा, मी दमलेय. एवढंच मला बोलायचं होतं, आणि ते बोलण्याऐवजी मी जमिनीवर आडवी होऊन टायरची हवा काढली. कदाचित ऐकून हे म्हणतील, राहू दे तोरणमाळ. कदाचित म्हणतील, एखादा ड्रायव्हर घेऊ, दोनच दिवस जाऊ. कदाचित गप्प बसतील, आणि तेच मला सोसायचं नाही. तुम्ही असता तर मी हे सगळं रडत तुम्हाला सांगितलं असतं आणि तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे.

म्हणून आता तेही सांगून टाकते, जे तुम्हाला कधी कळलं नाही. त्या दिवशी मी त्या ड्रायव्हरजवळ गेले, समोर उभी राहिले, त्याने वर बघितलं आणि मी म्हटलं, "काका, चहा घेता का?" तो हो म्हणाला. मी चहा आणून दिला आणि आत येऊन तुम्हाला म्हणाले, सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात मी इतकी वर्षं फुकटचा वागवतेय.

खाली गाडीजवळून ह्यांची हाक येतेय. चहा टाकतेस का, विचारतायत. नंतर टाकते. आधी सांगून येते.