ऑब्लिव्हियस या शब्दाचं वाक्य

सर,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय ते एका बाईमुळे. ती आमच्या सिल्व्हर पार्कच्या इमारतीचे जिने झाडते. आपल्या राई गावचीच आहे, तिचा थोरला दीर माझ्या वर्गात होता. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर झाडताना वरच्या छताचं प्लास्टर सुटून तिच्या अंगावर पडलं आणि उजवं मनगट मोडलं. छत फुगलंय हे आपण सेक्रेटरी दादांना आधीच सांगितलं होतं, असं ती म्हणाली. सोसायटीचा सेक्रेटरी मीच. मी गप्प राहिलो, म्हणून ती खोटं बोलते असं सगळ्यांनी धरलं.

आमच्या चेअरमन शेठचं कापडाचं दुकान आहे. तिथे त्यांनी पोलीस चौकीत द्यायचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. इंग्रजीत होतं. छताच्या अवस्थेबद्दल कमिटी अनअवेअर होती, एवढाच त्याचा मतलब. "साइन करो, चाय पियो," शेठ म्हणाले. मी म्हटलं, "वो बाई बोलती है, उसने बताया था." ते हसले. "वो तो बोलेगीच ना. हात टूटा है उसका. आप को याद है क्या?" मी म्हणालो, "याद नहीं आ रहा." हे खोटं नव्हतं. पण हातात पेन धरलं आणि मला तुमचा वर्ग आठवला.

आठवीचा वर्ग. खिडकीतून मिठागरं दिसतायत, त्यांच्यावरून खारा वारा येतोय. तुम्ही खाकी कव्हर घातलेला शब्दकोश टेबलावर ठेवता. नवा शब्द शिकवला की प्रत्येकाने स्वतःच्या घरातलं खरं वाक्य करायचं, हा तुमचा नियम. पुस्तकातलं वाक्य उतरवलं की तुम्ही वही मिटून परत द्यायचात. त्या दिवशी फळ्यावर दोन शब्द होते. अनअवेअर म्हणजे ज्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही असा माणूस, तुम्ही म्हणालात. आणि ऑब्लिव्हियस म्हणजे ज्याच्या दारात गोष्ट येऊन उभी राहिली, तरी ज्याने मान वर केली नाही तो. जुन्या पुस्तकांत याचा अर्थ विसरलेला असा असे, पुढे लोकांनी तो भान नसलेला असा वापरायला घेतला, हेही सांगितलंत. मी वाक्य केलं की आमच्या घरातल्या आरडाओरड्याला मी ऑब्लिव्हियस आहे. तुम्ही ते मोठ्याने वाचलंत आणि म्हणालात, "लिहिलंस म्हणजे तुला ऐकू येतंय. ज्याला खरंच भान नाही, तो असं लिहीलच कसा? हा शब्द माणसाला स्वतःला लावून घेता येत नाही रे, तो दुसऱ्याने लावायचा असतो." पोरं हसली. मला रडू आलं, कारण दारू प्यायलेल्या बापाचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू जायचा आणि हसणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. वर्गाची किल्ली माझ्या हातात दिलीत. दहावीपर्यंत मी रोज दिवेलागणीला त्या वर्गात बसून अभ्यास केला.

पेन तसंच खाली ठेवून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये दत्ताच्या तसबिरीपुढे जपाला बसलो, आणि माळ हातात घेताच आठवलं. प्लास्टर पडण्याआधी एका सकाळी ती तिथेच माझ्यासमोर उभी राहून बोलली होती. "दादा, तिसऱ्या माळ्याचं छत फुगलंय. कोणाच्या तरी डोक्यात पडेल." जपात मी बोलत नाही, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. मी मान हलवली होती. आपलं काम झालं असं समजून ती गेली, आणि माळ ठेवून उठेपर्यंत माझ्या मनातून ते निघून गेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी राईला तिच्या घरी गेलो. गळ्यात हात अडकवून ती ओट्यावर बसली होती, सासू कोळंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय दादा. तुमच्या हातात माळ व्हती." सासूने मान वर न करता टोला दिला, "चांगला हाय तुमचा देव. बोलू देत न्हाय, ऐकूबी देत न्हाय." सून तिला दटावायला गेली, मी म्हटलं असू दे. मग ती म्हणाली, "हात होईल बरा. पन मी खोटारडी न्हाय, एवढं त्या शेठला सांगा. सगळ्यांच्या म्होरं सांगा."

रविवारच्या मीटिंगला तिलाही बोलावून मी सांगितलं. तिने मला सांगितलं होतं, मी मान हलवली होती, मग विसरलो. पत्रातली ती ओळ काढायला लावली. उपचार सोसायटीने करायचे आणि हात बरा झाला की तिनेच कामावर यायचं, असं ठरलं. शेठ तिला म्हणाले, "बाई, गलती हमारी. अगली बार मुझे आके बोलना, मैं माला नहीं फेरता." सगळे हसले, तीही हसली. मला वाटलं होतं, लोक मला बोल लावतील. उलट पहिल्या मजल्यावरच्या आजींनी मला हात जोडले. "इनका ध्यान भगवान में था," त्या म्हणाल्या. मी ते ऐकून घेतलं. तेव्हापासून लोक माझ्याशी अधिकच आदराने वागतात, आणि तो आदर मला सोसत नाही.

तुम्ही असतात तर वही मिटून परत दिली असतीत. म्हणून लिहितोय. हा कागद कुठे जाणार नाही, घडी घालून पोथीत राहील. मीटिंगमध्ये मी जे बोललो ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. त्या सकाळी ती जिना उतरून माझ्याकडे येताना मला दिसली होती. काहीतरी तक्रार आहे, हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. माझा जप तेव्हा संपला होता, सर. मेरुमणी बोटांत होता. मी डोळे मिटले आणि माळ उलटी फिरवून पुन्हा सुरू केली.