खानवेलची दुपारची बस

आई, तुझ्याशी मनातल्या मनात बोलायला लागले की मला नेहमी तो एकच मे महिना आठवतो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. सिल्वासातल्या आपल्या क्वार्टर्सच्या ओळीत आपलं सोडून एकही दार उघडं नव्हतं. शाळेला सुट्टी लागली की शिक्षक मंडळी कुणी रत्नागिरीला, कुणी डोंबिवलीला निघून जायची. आपण जात नव्हतो. बाबा गेल्यावर गावच्या घरात आपल्याला पाहुण्यासारखं राहावं लागायचं, आणि ते तुला मान्य नव्हतं. त्या वर्षी तुला राहायला कारणही मिळालं. बारावीचे पेपर देऊन झालेली आम्ही पाच मुलं मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होतो आणि गावात तिची तयारी करून घेणारं कुणी नव्हतं. शाळेत तू जीवशास्त्र शिकवायचीस. तू म्हणालीस, "माझ्याकडे या."

पुढच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात घरघरणारा टेबलफॅन, भिंतीला टेकवलेला फळा. मसाटच्या कारखान्यात काम करणाऱ्या धुळ्याकडच्या एका माणसाचा मुलगा आमच्यात होता. तो सारखा म्हणायचा, "बाई, ये वाला परत सांगा ना," आणि तू न कंटाळता परत सांगायचीस. ते ऐकून मीही एकदा म्हणाले, "आई, परत सांग ना." तू खडू खाली ठेवलास. "इथे हात वर करून विचारायचं. आणि इथे मी आई नाही, बाई." मुलं हसली असती तर बरं झालं असतं. ती माना खाली घालून बसली. मला वाटलं, वर्ग सुटला की तू परत आई होशील. पण स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देतानाही तुझ्या डोक्यात हृदयाच्या झडपाच असायच्या, आणि त्यांच्याबद्दल बोलायला तुला आमच्या पाचांतली ती खानवेलची मुलगी होती.

ती खानवेलच्या पुढच्या पाड्यावरून यायची. सकाळच्या बसचा भरवसा नाही म्हणून तू तिला आपल्याकडेच ठेवून घेतलंस. अबोल होती, पण प्रश्न असे विचारायची की तू झारा हातात धरून विचार करत उभी राहायचीस. मी कैऱ्या चिरत तुमच्या दोघींकडे बघायचे. माझी जागा कुणी घेतली असं म्हणता येत नव्हतं, कारण ती माझ्याच शेजारी झोपायची, माझीच पुस्तकं वाचायची, आणि मला ती आवडत होती.

परीक्षेला दोनेक आठवडे उरले असताना तिचे वडील आले. तू "भाऊ, आत या" म्हणालीस तरी ते उंबऱ्याबाहेरच बसले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, पोरीला न्यायला आलोय. हिची आई तापाने पडलीय. धाकटी दोन आहेत. मी कामावर गेलो तर चूल कोण पेटवील?"

"परीक्षेपर्यंत तरी राहू द्या."

"पोर हुशार आहे, ते मला कळतं, बाई. पण घरात दुसरं कोण आहे?"

तिने पिशवी भरली, मला "येते" म्हणाली आणि वडिलांच्या मागून चालू लागली. तू बराच वेळ दारात उभी होतीस. मग जेवताना म्हणालीस, "उद्यापासून सकाळचा वर्ग झाला की मी दुपारच्या बसने खानवेलला जाईन. ती भाकऱ्या थापेल, मी शेजारी बसून शिकवेन."

"आणि मी?"

"तू प्रश्न सोडवत बस. तुला येतं."

तुला येतं. हे कौतुक होतं, हे मला समजायला खूप वर्षं लागली. तेव्हा मात्र दुपार झाली की तू छत्री घेऊन निघतेस, फाटक वाजतं, आणि क्वार्टर्सच्या त्या ओळीत मी एकटी उरते. कुठे भांडं वाजत नाही, कुणाचा रेडिओ नाही. मी प्रश्न सोडवते, उत्तरं मोठ्याने वाचते, आवाज भिंतींवर आपटून परत येतो. संध्याकाळी तू येतेस ती साडीवर धुरळा घेऊन. मी भात वाढते. तू विचारतेस, "किती झाले?" मी सांगते. तू मान हलवतेस आणि जेवता जेवता पेंगतेस.

निकाल पेपरात आला. माझा नंबर होता. "छान झालं," म्हणालीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास, आणि ओळींवर बोट फिरवत पुन्हा पहिल्या ओळीपासून तिचा नंबर शोधत गेलीस. तो नव्हता. "तिला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको," असं म्हणून तू मिळाली ती बस पकडलीस. मी माझ्यासाठी शिरा केला आणि एकटीनेच खाल्ला.

मी मुंबईला गेले. तिने पुढे डी.एड. केलं आणि पाड्याजवळच्या शाळेत शिकवायला लागली. तू आजारी पडलीस तेव्हा उशाशी तीच होती. मी पोचले तोवर तू गेली होतीस. दिवस झाल्यावर आम्ही दोघी तुझ्या स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो, तेव्हा मी न राहवून विचारलं, "त्या मे महिन्यात तिकडे आई माझ्याबद्दल काही बोलायची का गं?"

तिने खरंच आठवून बघितलं. "नाही. बाई फक्त शिकवायच्या." मग कप विसळता विसळता म्हणाली, "पण परतीची बस यायच्या कितीतरी आधी रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या. मी म्हणायची, बाई, अजून वेळ आहे, एवढं एक सांगून जा. तर म्हणायच्या, बस चुकली तर पोरगी रात्रभर घरात एकटी राहील."

मी मागच्या दारी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आई, हे लिहिलेलं कुठे जाणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून एक सांगून टाकते. दवाखाना बंद केल्यावर कधी कधी मी सरळ घरी जात नाही. समोरच्या स्टॉपवर जाऊन बसते. मला कुठेही जायचं नसतं. दोन-तीन गाड्या येतात, माणसं उतरतात, मी सगळ्यांचे चेहरे बघते, आणि मग उठते.